स्पॅनिशभाषक जगाचा सांस्कृतिक इतिहास: अभ्यासाला सुरुवात कुठून करायची

स्पॅनिश ही वीस देशांची आणि पोर्तो रिकोची राजभाषा, आणि ती मातृभाषा असणारे लोक पन्नास कोटींच्या घरात आहेत. 'या सगळ्यांचा सांस्कृतिक इतिहास' असं ठरवून कामाला बसणारा नवखा माणूस पहिले सहा महिने पुस्तकांच्या याद्या करतो आणि सातव्या महिन्यात कंटाळतो. फ्लॅमेन्को, बैलझुंजी, टँगो, मृतांचा सण ही सहलीची यादी झाली. अभ्यास सुरू होतो तो एक शहर, एक कालखंड, एक माणूस किंवा वस्तू, आणि त्याविषयी बोलणारे एका प्रकारचे कागद एवढं पक्कं झाल्यावर.

इथे सगळ्या पायऱ्या एकाच उदाहरणाला धरून सांगितल्या आहेत. मेक्सिकोतल्या पुएब्ला शहरात 5 जानेवारी 1688 रोजी कातारिना दे सान हुआन नावाची वृद्ध बाई वारली. तिच्या चरित्रकारांच्या सांगण्याप्रमाणे ती मुघलांच्या मुलखात जन्मली. लहानपणी पोर्तुगीज चाच्यांनी तिला पळवलं, कोचीनला तिचा बाप्तिस्मा झाला, मनिलात ती गुलाम म्हणून विकली गेली आणि 1621 च्या सुमारास गलबतातून आकापुल्कोला उतरली. पुएब्लात मिगेल दे सोसा नावाच्या कप्तानाच्या घरी ती राहिली, पुढे मोकळी झाली. आयुष्याच्या शेवटी तिला शहर संत मानू लागलं होतं. प्रश्न असा: या बाईबद्दल आपल्याला नक्की काय कळतं, आणि ते कोणी, कशासाठी लिहून ठेवलं?

पायरी 1: प्रश्नाला चार कुंपणं घाला

कोण, कुठे, कधी आणि कोणत्या कागदांतून, या चार गोष्टी एका वाक्यात बसल्या पाहिजेत. 'मेक्सिकोतली गुलामगिरी' हा विषय नव्हे. 'आशियातून आलेले गुलाम पुएब्लातल्या मृत्युपत्रांत कसे दिसतात, 1621 ते 1672' हा विषय झाला. काळाची दोन्ही टोकं गोल आकड्यांवर ठेवू नयेत. ती कागदांतल्या एखाद्या घटनेवरून यावीत. इथे 1621 हे कातारिना उतरल्याचं साल, आणि 1672 घेतलं, कारण त्या वर्षी राजाज्ञेने न्यू स्पेनमधल्या (तेव्हाच्या स्पॅनिश मेक्सिकोतल्या) आशियाई गुलामांना मोकळं करायचं ठरलं आणि त्यानंतर कागदांची भाषाच बदलते.

प्रश्न इतका बारीक केला तर मोठं चित्र सुटेल, ही भीती सगळ्यांना वाटते. होतं उलटं. एका बाईच्या मागे लागलात की मनिलाचा व्यापार, जेझुइट या कॅथलिक धर्मसंघाचं राजकारण, इन्क्विझिशन म्हणजे धर्मन्यायालय, पोशाखाच्या दंतकथा हे सगळं आपसूक अंगावर येतं. मग वाचायला काय घ्यायचं याची पंचाईत उरत नाही.

पायरी 2: भाषा, पण वाचण्यापुरती आधी

रोज तासभर दिला तर आठ-दहा महिन्यांत छापील स्पॅनिश शब्दकोश हाताशी ठेवून वाचता येतं. भारतात इन्स्तितुतो सेर्वांतेसचं केंद्र दिल्लीला आहे आणि त्यांची देले परीक्षा ए1 ते सी2 अशा सहा पातळ्यांवर होते. संशोधनाला परीक्षा लागत नाही, पण बी1 पर्यंतचं व्याकरण लागतंच.

नेहमीच्या वर्गांत भर बोलण्यावर असतो, त्यामुळे दोन गोष्टी राहून जातात. पहिली, भविष्यकाळी संशयार्थ: 'विएरेन', 'इसिएरे' अशी रूपं. आजच्या बोलण्यातून ती गेली, म्हणून शिकवत नाहीत. पण जुन्या कायद्यांत आणि करारपत्रांत ती ओळीओळीला येतात. दुसरी, संबोधनं. 17 व्या शतकात 'वोस', 'वुएस्त्रा मेर्सेद' आणि 'तू' यांत कोण कोणाला काय म्हणतो यावरून नातं कळतं. मराठी वाचकाला अरे-तुरे आणि अहो-जाहो यांतला फरक शिकवावा लागत नाही, तेव्हा या बाबतीत आपण इंग्रजीतून येणाऱ्यांच्या पुढेच आहोत.

शब्दकोश दोन हवेत. आजच्या अर्थासाठी स्पेनच्या शाही भाषा अकादमीचा चालू कोश, आणि जुन्या अर्थासाठी त्याच अकादमीचा 1726 ते 1739 या काळात सहा खंडांत निघालेला पहिला कोश. दोन्ही अकादमीच्या संकेतस्थळावर फुकट आहेत. जुना शब्द नव्या कोशात पाहिला की घोळ होतो. 'वेसिनो' म्हणजे आज शेजारी. त्या काळी गावचा हक्कदार कुटुंबप्रमुख. एखाद्या गावात 500 वेसिनो लिहिले असतील तर लोकसंख्या 500 नव्हे. साधारण चार ते पाचने गुणतात, म्हणजे दोन ते अडीच हजार.

पायरी 3: सत्तेचा नकाशा

इथे राजांच्या वंशावळी पाठ करायच्या नाहीत. कोणाचा कागद कुठल्या दप्तरात गेला, हे कळण्यापुरता सांगाडा हवा.

1492 हे वर्ष सगळ्यांना माहीत असतं, पण त्यात तीन गोष्टी आहेत: 2 जानेवारीला ग्रानादा हे स्पेनमधलं शेवटचं मुस्लिम राज्य पडलं, 31 मार्चला ज्यूंच्या हकालपट्टीचा हुकूम निघाला आणि ऑक्टोबरात कोलंबसला जमीन दिसली. 1503 मध्ये सेव्हिलला अमेरिकेच्या व्यापाराची कचेरी, कासा दे कोन्त्रातासियोन, उघडली. ती 1717 मध्ये कादिसला हलली. 1524 मध्ये इंडीजचं, म्हणजे अमेरिकेच्या कारभाराचं, मंडळ स्थापन झालं. न्यू स्पेनची व्हाइसरॉयल्टी (राजप्रतिनिधीचा प्रांत) 1535 ची, पेरूची त्यानंतर सात-आठ वर्षांनी, ला प्लाताची 1776 ची. इन्क्विझिशनचं न्यायालय लिमाला 1570, मेक्सिकोला 1571 आणि कार्ताहेनाला 1610 मध्ये आलं. 1767 मध्ये जेझुइटांना स्पेनच्या सगळ्या मुलखातून हाकललं. 1824 च्या डिसेंबरात पेरूत आयाकुचोची लढाई झाली आणि दक्षिण अमेरिकेतली स्पॅनिश सत्ता मोडली, आणि 1898 मध्ये क्युबा, पोर्तो रिको आणि फिलिपिन्स स्पेनच्या हातून गेले.

फिलिपिन्सचा कारभार न्यू स्पेनमार्फत चाले. म्हणून मनिलाची पत्रं सेव्हिलच्या दप्तरात आहेत, आणि काही मेक्सिको सिटीतही.

गोव्याबद्दल आपल्याकडे हमखास गोंधळ होतो. 1580 ते 1640 या काळात पोर्तुगालच्या गादीवर स्पेनचेच राजे होते, म्हणून गोव्याचे कागद स्पेनमध्ये सापडतील असं वाटतं. पण 1581 च्या तोमारच्या सभेत पोर्तुगालचा कारभार वेगळा ठेवायचं ठरलं होतं. गोव्याचा पत्रव्यवहार लिस्बनलाच जात राहिला, आणि त्याचा मोठा भाग, मान्सूनच्या जहाजांनी येणाऱ्या-जाणाऱ्या पत्रांच्या ग्रंथमालेसह, पणजीच्या पुराभिलेखागारात आहे. स्पेनमध्ये त्या काळच्या पोर्तुगाल मंडळाच्या वह्या आहेत, त्या सिमान्कासच्या दप्तरात, सेव्हिलला नव्हेत. कातारिनाचं कोचीनपर्यंतचं आयुष्य शोधायचं तर वाट पोर्तुगीज आणि जेझुइट कागदांतून जाते. मनिलापासून पुढे स्पॅनिश.

पायरी 4: पारेस कसं वापरायचं

स्पेनच्या सरकारी दप्तरखान्यांचं समाईक पोर्टल म्हणजे पारेस. फुकट आहे. त्यातलं आपल्या कामाचं मुख्य दप्तर म्हणजे सेव्हिलचं आर्चिवो हेनेराल दे इंदियास. तिसऱ्या कार्लोसने 1785 मध्ये ते स्थापलं. सुमारे 43,000 गठ्ठे, आठ कोटी पानं. गठ्ठ्याला लेगाहो म्हणतात, त्यातल्या एका प्रकरणाला एक्स्पेदिएन्ते, आणि पानाच्या पुढच्या-मागच्या बाजूंना रेक्तो आणि वुएल्तो.

सगळ्यात जास्त वेळ वाया जातो तो एका गैरसमजामुळे. पारेसमध्ये शोध घेतला की तो कागदांच्या मजकुरात होत नाही. दप्तरदाराने लिहिलेल्या वर्णनात होतो. 'काही सापडलं नाही' याचा अर्थ 'वर्णनात तो शब्द नाही' एवढाच. काही विभागांची वर्णनं कागदागणिक आहेत, काहींची अख्ख्या गठ्ठ्याला एक ओळ. 'सरकारी पत्रव्यवहार, 1610 ते 1618' अशा एका ओळीखाली हजार पानं असू शकतात.

म्हणून दोन वाटांनी जा. आधी साधा शोध, चार-पाच पर्यायी शब्दांनी. मग शोध बाजूला ठेवा आणि झाडासारखी उलगडणारी यादी उघडून विभाग (गोबिएर्नो), त्याखाली प्रांत (फिलिपिनास किंवा मेहिको), त्याखाली गठ्ठे असं उतरत जा. आपल्या काळाचे गठ्ठे सापडले की कॅमेऱ्याचं चिन्ह आहे का पाहा. ते असेल तर पानं पडद्यावर दिसतात; नसेल तर प्रती मागवाव्या लागतात, पैसे भरून.

शब्द निवडतानाचे सापळे हिंदुस्थानी माणसासाठी खासच आहेत. 'इंदियास' टाकलं तर अख्खी अमेरिका येते. 'इंदिओ' म्हणजे जवळपास नेहमी अमेरिकेतला मूळ रहिवासी. आपल्या देशातला माणूस त्या कागदांत 'नातुराल दे ला इंदिया दे पोर्तुगाल' म्हणून येतो, मुघल मुलखातला असेल तर 'मोगोर', आणि एकदा तो मनिलाहून मेक्सिकोला उतरला की थेट 'चिनो'. त्या गलबतातून आलेला बंगाली, मलबारी, मलय, फिलिपिनो, जपानी, सगळे चिनो. कातारिनालाही पुएब्लाचे लोक चिनाच म्हणत, आणि चीनशी तिचा काडीचा संबंध नव्हता.

स्पेलिंग तर ठरलेलं नव्हतंच. बी, व्ही आणि यू एकमेकांच्या जागी येतात. एच कधी असतो, कधी गायब. आजच्या जे-च्या जागी एक्स असतो, कारण तो नियम अकादमीने 1815 मध्ये बदलला. शेपटीवाला सी सगळीकडे भेटतो. एका नावाची पाच-सहा रूपं कागदावर लिहून घ्या आणि प्रत्येक स्वतंत्रपणे शोधा.

छापील ग्रंथांसाठी स्पेनच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचं डिजिटल दालन आणि आलिकान्तेची मिगेल दे सेर्वांतेस आभासी वाचनशाळा पुरेशी आहे. चिलीसाठी मेमोरिया चिलेना उत्तम. मेक्सिकोचं राष्ट्रीय दप्तर लेकुम्बेरीच्या जुन्या तुरुंगात आहे, आणि इन्क्विझिशनचे कागद तिथे. त्याची ऑनलाइन यादी वापरायला थोडी किचकट आहे, धीर धरावा.

पायरी 5: अक्षर लावणं

छापील पुस्तकांवर काम करणार असाल तर ही पायरी गाळा. हस्तलिखितांवर करणार असाल तर सगळा कस इथेच लागतो.

16 व्या आणि 17 व्या शतकांत वळणं मुख्यतः तीन भेटतात. कोर्तेसाना जुनं, बारीक, गोलाकार. इतालिका आजच्या डोळ्याला सरळ वाचता येतं. सुशिक्षित लोकांची खासगी पत्रं त्यात असतात. आणि प्रोसेसाल, म्हणजे कोर्टकचेरीचे लेखनिक हात न उचलता लिहीत ते. मोडी लावणाऱ्याला याचं आश्चर्य वाटणार नाही: शब्दांत मोकळी जागा नाही, अक्षरं एकमेकांत अडकलेली, संक्षेप सढळ हाताने. सेर्वांतेसच्या कादंबरीतल्या दोन किहोतेनेसुद्धा (डॉन क्विझोट) आपला सेवक सांचो याला बजावलंय की पत्राची नक्कल लेखनिकाकडून करून घेऊ नकोस, त्यांचं अक्षर सैतानालाही कळायचं नाही.

सुरुवात इतालिकापासून करा, प्रोसेसालला नंतर हात घाला. आणि कागद हाती आला की मधूनच वाचायला लागू नका. आधी ठराविक मजकूर शोधा. दस्तऐवज 'सेपान क्वान्तोस एस्ता कार्ता विएरेन' (हे पत्र पाहतील त्या सर्वांस कळावे) असा सुरू होतो. मृत्युपत्र 'एन एल नोम्ब्रे दे दिओस, आमेन' असं. शेवटी साक्षीदार, तारीख, आणि 'आन्ते मी' लिहून लेखनिकाची गाठीगाठींची सही. हे शब्द तुम्हाला आधीच माहीत आहेत, तेव्हा त्यांवरून या लेखनिकाचा ए कसा, आर कसा, एस शब्दाच्या मध्ये कसा आणि शेवटी कसा, याचा तक्ता बनवा. अर्धी वर्णमाला तिथेच हाती येते.

मृत्युपत्राचा आतला क्रमही ठरलेला: श्रद्धेची कबुली, पुरायची जागा, किती मिसा म्हणायच्या, देणी-घेणी, देणग्या, गुलामांबद्दलच्या तरतुदी, वारस, अंमलबजावणी करणारे, आणि आधीची मृत्युपत्रं रद्द. प्रत्येक कलम 'इतेन' या शब्दाने सुरू होतं. आपल्याला गुलामांचं कलम हवं असेल तर इतेन मोजत मधल्या भागात या. पहिली चार पानं शब्दन् शब्द लावायची गरज नाही.

संक्षेपांचा एक छोटा तक्ता भिंतीवर लावावा. क्यूवर आडवी रेघ म्हणजे 'के'. डी-एच-ओ म्हणजे 'दिचो', सदरहू. महिन्यांमध्ये मात्र सगळे फसतात: सातचा आकडा आणि पुढे ब्रे म्हणजे जुलै नव्हे, सप्टेंबर. आठ-ब्रे ऑक्टोबर, नऊ-ब्रे नोव्हेंबर, आणि रोमन दहाचा एक्स लावून ब्रे म्हणजे डिसेंबर. एका चुकीने पत्र दोन महिने मागे जातं आणि मग 'उत्तर पत्राच्या आधी कसं आलं' म्हणून डोकं खाजवत बसावं लागतं.

लिप्यंतर करताना ओळ तुटते तिथे तिरकी रेघ द्या, सोडवलेला संक्षेप चौकटी कंसात लिहा, शंका असेल तिथे प्रश्नचिन्ह, न लागणाऱ्या शब्दाला तीन टिंबं. स्पेलिंग सुधारू नका. मागाहून कोणाला तुमचा पाठ तपासायचा असेल तर मूळ रूप लागतं. पहिल्या पानाला तीन-चार तास जातील. विसाव्या पानापर्यंत ते तासाभरावर यायला हवं. येत नसेल तर वळण जास्त अवघड निवडलंय, सोपं घ्या.

ट्रान्सक्रिबससारखी यंत्रं आता स्पॅनिश हस्ताक्षरं वाचतात. मदत होते, नाही असं नाही. पण यंत्र चुकतं ते नेमकं विशेषनामांवर, संक्षेपांवर आणि आकड्यांवर, आणि इतिहासाला हव्या असतात त्या याच तीन गोष्टी. ते पहिला कच्चा पाठ देतं असं समजा.

पायरी 6: तारीख, पैसा, मापं, नावं

कास्तिल्यात, म्हणजे स्पेनच्या मुख्य राज्यात, 1383 पर्यंत हिस्पॅनिक शक चालत होता. त्यातून 38 वजा केले की इसवी सन मिळतो. 1582 मध्ये स्पेनमध्ये 4 ऑक्टोबरनंतर थेट 15 ऑक्टोबर उजाडला. समुद्रापलीकडच्या प्रांतांत हा बदल उशिरा लागू झाला, त्यामुळे 1582 ते 1584 मधली अमेरिकेतली किंवा फिलिपिन्समधली तारीख असेल तर शेजारी शंकेची खूण करा.

मनिलाचं त्याहून मजेदार. स्पॅनिश लोक तिथे पूर्वेकडून, पॅसिफिक ओलांडून पोहोचले, म्हणून मनिलाची तारीख पोर्तुगीजांच्या मकाव किंवा गोव्याच्या एक दिवस मागे असे. फरक मिटला तो 1844 मध्ये, 31 डिसेंबर हा दिवसच गाळून. एकाच घटनेची स्पॅनिश आणि पोर्तुगीज तारीख एका दिवसाने चुकत असेल तर कोणाला खोटं ठरवण्याआधी हे आठवा.

पैशाचा हिशोब मारावेदीत आणा, मगच तुलना करा. एक रेआल म्हणजे 34 मारावेदी, आठ रेआलांचा पेसो म्हणजे 272, दुकादो 375. पण 'पेसो एन्सायादो' हा हिशोबी पेसो 450 मारावेदींचा. 300 पेसोंचा व्यवहार साध्या पेसोत 81,600 मारावेदी होतो, एन्सायादोत 1,35,000. कागदावर नुसतं पेसो असेल तर आजूबाजूच्या नोंदींत प्रकार लिहिलाय का पाहा. पेरूच्या कागदांत ही काळजी जास्त घ्यावी.

वजनाचा आरोबा साधारण साडेअकरा किलो, चार आरोबांचा किंताल. द्रवाचा आरोबा वेगळा: वाइनचा 16 लिटरांच्या आसपास, तेलाचा साडेबारा. लांबीची वारा साधारण 83.6 सेंटिमीटर, धान्याची फानेगा 55 लिटरांच्या वर. ही कास्तिल्याची मापं, आरागोनची निराळी.

नावांत आज दोन आडनावं असतात, आधी वडिलांचं, मग आईचं. गाब्रिएल गार्सिया मार्केस यादीत गार्सियाखाली शोधायचा, मार्केसखाली नाही. पोर्तुगीजांत क्रम उलटा. पण 17 व्या शतकात असा नियमच नव्हता. चित्रकार वेलास्केस हे नाव आईकडून आलेलं. कवी गोंगोराच्या वडिलांचं आडनाव आर्गोते. सख्खी भावंडं वेगवेगळी आडनावं लावत. त्यामुळे आडनाव जुळलं म्हणून नातं आणि नाही जुळलं म्हणून परका, असा निष्कर्ष काढू नये. गुलाम आणि मोकळे झालेले लोक बहुतेक वेळा मालकाचं आडनाव घेत. कातारिनाचा नवरा दोमिंगो सुआरेस हा 'चिनो' गुलाम होता आणि त्याच्या मालकाचं आडनाव सुआरेस होतं.

1640 पासून अमेरिकेत सरकारी कामाला मुद्रांकित कागद लागायचा, आणि त्यावर कोणत्या वर्षांसाठी तो वैध आहे हे छापलेलं असे. तारीख फाटली असेल तर याचा उपयोग होतो, पण जपून: स्पेनहून कागद उशिरा यायचा, म्हणून जुनाच कागद नवा शेरा मारून चालवत. शेरा वाचा, नुसता छाप नव्हे.

पायरी 7: कागद कोणासाठी लिहिला ते विचारा

आता कातारिनाकडे. तिच्यावर तीन छापील ग्रंथ आहेत: जेझुइट फ्रान्सिस्को दे आगिलेराचं 1688 मधलं अंत्यविधीचं प्रवचन, जेझुइट आलोन्सो रामोसचं 1689 ते 1692 या काळात निघालेलं तीन खंडांचं चरित्र, आणि होसे देल कास्तियो ग्राहेदाचं 1692 मधलं छोटं चरित्र. तिन्ही लिहिणारे धर्मगुरू. ती संत ठरावी, हा हेतू उघड.

असा ग्रंथ वाचताना तीन रंगांच्या पेन्सिली घ्या. पहिला रंग संतचरित्राच्या ठरलेल्या साच्याला: राजघराण्यात जन्म, बालपणीच दिसलेली चिन्हं, शीलावर आलेले प्रसंग, दृष्टांत. असे प्रसंग इतर संतांच्या चरित्रांतही जसेच्या तसे मिळतात, म्हणून त्यांवरून बाईबद्दल काही कळत नाही. लेखकाबद्दल आणि वाचकांबद्दल कळतं. तिचा मुघल घराण्याशी संबंध याच खान्यात ठेवा. दुसरा रंग इतर कागदांवर तपासता येईल अशा तपशिलाला: मालकाचं नाव, लग्न, घरं, पाद्री, तारखा. यांसाठी पुएब्लाच्या नोटरींची दप्तरं आणि चर्चच्या नोंदवह्या उघडायच्या. तिसरा रंग साच्यात न बसणाऱ्या गोष्टींना. कास्तियो ग्राहेदा तिचं मोडकंतोडकं स्पॅनिश तसंच उतरवून देतो. संताच्या तोंडी अशुद्ध भाषा घालायची त्याला काही गरज नव्हती. माझ्या मते सगळ्यात कसदार माल या तिसऱ्या रंगात असतो.

मग ग्रंथाचं पुढे काय झालं ते पाहा. 1691 मध्ये तिची चित्रं बाळगायला मनाई झाली. रामोसचं चरित्र आधी 1692 मध्ये स्पेनच्या इन्क्विझिशनने बंद केलं, 1696 मध्ये मेक्सिकोच्या. म्हणजे जिला जेझुइट संत करू पाहत होते तिचा पंथ त्याच चर्चच्या दुसऱ्या हाताने दाबला. त्या बंदीचे कागद मेक्सिको सिटीत आहेत आणि चरित्रापेक्षा जास्त बोलके आहेत.

आता 'चिना पोब्लाना' हा मेक्सिकोचा भरजरी, टिकल्यांच्या घागऱ्याचा पोशाख. तो कातारिनाने आणला, असं पर्यटनाची पत्रकं सांगतात. पोशाख 19 व्या शतकातला; ती 17 व्या शतकातली, आणि चरित्रकार तिच्या जाड्याभरड्या कपड्यांचं कौतुक करतात. दोघांची गाठ फार उशिरा मारली गेली. अशी दंतकथा भेटली की 'खोटी' म्हणून फेकू नका. ती पहिल्यांदा छापून कधी आली याची तारीख काढा. तो वेगळा आणि चांगला विषय आहे.

चित्रांनाही हाच न्याय. 18 व्या शतकात मेक्सिकोत जातिमिश्रणाच्या चित्रमालिका निघाल्या, बहुधा सोळा चित्रांच्या. प्रत्येकात आई, बाप, मूल, आणि खाली ओळ: 'स्पॅनिश पुरुष आणि इंदिया यांपासून मेस्तिसो' वगैरे. मिगेल काब्रेराच्या 1763 च्या मालिकेतली बरीच चित्रं माद्रिदच्या अमेरिका संग्रहालयात आहेत. नवखे ती कायद्याचा तक्ता समजतात. चर्चच्या वह्या उघडल्या की कळतं, तीच बाई बाप्तिस्म्याला मेस्तिसा आणि लग्नाला एस्पान्योला लिहिलेली सापडते. चित्रांतली भाज्या-फळं, कापड, भांडी, धंद्याची हत्यारं मात्र बारकाईने पाहा.

पायरी 8: स्पॅनिशच्या पलीकडचे आवाज

स्पॅनिशभाषक जगाचा इतिहास नुसत्या स्पॅनिशमधून पुरा होत नाही. साहागुन हा फ्रान्सिस्कन संघाचा पाद्री आणि त्याचे नाहुआ (मेक्सिकोतले मूळ रहिवासी) सहकारी यांनी 1577 पर्यंत तयार केलेल्या बारा भागांच्या हस्तलिखितात, जे आज फ्लॉरेन्सला आहे, डावीकडे स्पॅनिश आणि उजवीकडे नाहुआत्ल, म्हणजे नाहुआंची भाषा, असे दोन स्तंभ आहेत. स्पॅनिश स्तंभ हे शब्दशः भाषांतर नव्हे: कुठे तो आटोपता आहे, कुठे रिकाम्या जागी चित्र आहे. एकाच प्रसंगाचे दोन्ही स्तंभ शेजारी ठेवून वगळलेल्या गोष्टींची यादी करणं हा सुरुवातीचा सगळ्यात चांगला सराव. नाहुआत्ल येत नसेल तर तिची छापील भाषांतरं मिळतात. पेरूसाठी ग्वामान पोमा या तिथल्या मूळ रहिवासी लेखकाचं 1615 च्या सुमाराचं राजाला लिहिलेलं प्रचंड पत्र, 398 रेखाचित्रांसह. ते 1908 मध्ये कोपनहेगनच्या राजग्रंथालयात सापडलं आणि आता पूर्ण ऑनलाइन आहे.

नोंदी

पान उघडल्या क्षणी दप्तर, विभाग, गठ्ठा, पोटक्रमांक आणि पान-बाजू हे पाचही लिहा, मग मजकूर. पारेसमधला सेव्हिलचा संदर्भ ईएस.41091.एजीआय असा सुरू होतो. तो पूर्ण उतरवा, कारण पडद्यावरचा प्रतिमा-क्रमांक आणि कागदावरचा पान-क्रमांक बहुधा जुळत नाहीत. प्रतिमा उतरवल्यात तर फाइलचं नाव लगेच बदला. शंभर अनाम प्रतिमांमधून 'ते पान' शोधण्यापेक्षा पुन्हा उतरवणं सोपं पडतं.

दुसरा सराव वसईचा घ्यावा. गोन्सालो गार्सिया, 1557 च्या आसपास वसईत जन्मलेला, मनिलात फ्रान्सिस्कन झाला, 1593 मध्ये जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याच्याकडे गेलेल्या वकिलातीचा दुभाषी होता आणि 5 फेब्रुवारी 1597 ला नागासाकीत क्रुसावर मारला गेला. त्याच्याबरोबर मेक्सिकोचा पहिला संत फेलिपे दे हेसुस. वसईत त्याच्या नावाचं कॉलेज आहे, पण कागद चार ठिकाणी विखुरलेत: मनिलाची पत्रं सेव्हिलला, फ्रान्सिस्कनांची आणि जेझुइटांची एकमेकांवर आरोप करणारी निवेदनं त्यांच्या त्यांच्या दप्तरांत, आणि 1627 व 1862 च्या धार्मिक घोषणांचे कागद रोमला. आधी फिलिपिनास विभागातले 1590 ते 1600 चे गठ्ठे काढा, 1596 मध्ये जपानच्या किनाऱ्यावर फुटलेल्या 'सान फेलिपे' गलबताच्या नावाने शोधा, आणि प्रत्येक निवेदनाशेजारी ते मनिलाहून आलं की मकावहून हे पहिल्या रकान्यात लिहा. तारखांचा तो एक दिवस तिथेच लागतो.